जौनपूर डे ट्रिप, बनारसहून गाडी आणि गाइड: पुलासाठी जा, पण गाडीतून उतरून बघा

काशीला जाणाऱ्या इंदूरकर मंडळींसाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय. आपल्याकडून कोणी ना कोणी सतत काशीला जात असतंच, आणि गेलं की तेच, विश्वनाथ, गंगा आरती, सारनाथ, साड्यांची खरेदी, मग एखादा दिवस उरतो आणि फोन येतो की अगं आता काय बघू. तर जौनपूर बघा. बनारसपासून साधारण ६० किलोमीटर, ट्रॅफिक कसा लागतो त्यावर दीड ते दोन तास, सकाळी नाश्ता करून निघालं तर रात्री जेवायला परत. आणि जायचं ते गोमतीवरच्या शाही पुलासाठी, बाकीचं सगळं बोनस समजा.

आम्ही तिघं होतो, मी, हे आणि माझ्या सासूबाई. बुकिंग हॉटेलच्या काउंटरवरून केलं, गाडी, ड्रायव्हर आणि तिथे पोचल्यावर लोकल गाइड असं एकत्र पॅकेज. एजन्सीचं नाव लिहीत नाही, कारण दोन-तीन ठिकाणी विचारलं तर सगळ्यांचं पॅकेज थोड्याफार फरकाने हेच होतं, आणि मला जे सांगायचंय ते कुठूनही बुक केलं तरी लागू पडेल.

आधी चांगलं सांगते. गाडी स्वच्छ, एसी व्यवस्थित, ड्रायव्हर वेळेवर हजर आणि गाडी इतकी शांतपणे चालवली की आईंना, ज्यांना प्रवासात हमखास मळमळतं, काही त्रास झाला नाही. रस्त्यात चहाला कुठे थांबायचं, बाथरूम कुठे बरं आहे, हे त्याला सगळं ठाऊक. म्हातारी माणसं बरोबर असली की ह्याच गोष्टी सगळ्यात मोठ्या असतात.

आता तक्रार. पॅकेजच्या कागदावर शाही पूल, किल्ला, अटाला मशीद, जामा मशीद आणि इमरती असं लिहिलेलं, आणि पूल बघणं म्हणजे काय तर गाडी पुलावरून न्यायची. "ये रहा शाही पुल" असं ड्रायव्हर म्हणाला आणि ह्यांनी मोबाइल बाहेर काढेपर्यंत आम्ही पलीकडे. पुलावर ई-रिक्शा, मोटरसायकली, हातगाड्या, सायकली सगळं एकदम, थांबायला जागाच नाही, म्हणजे थांबला नाही यात त्याची चूक नाही, पण साडेचारशे वर्षांच्या पुलासाठी एवढ्या लांब यायचं आणि तो चाकाखालून जाऊ द्यायचा हे मला पटेना. ह्यांनी स्पष्ट सांगितलं, भैया आम्ही इंदूरहून पूल बघायलाच आलोय, किल्ला नंतर. मग त्याने किल्ल्याजवळ गाडी लावली, तिथे गाइड आला आणि आम्ही चालत परत पुलाकडे गेलो, अगदी जवळ आहे. तुम्ही हे बुकिंग करतानाच सांगून ठेवा. दुसरी तक्रार, काउंटरवर गाइड पैशात धरलाय असं सांगितलेलं, आणि त्या मुलाला विचारलं तर त्याला त्यातलं काहीच मिळणार नव्हतं, त्याचे पैसे आम्ही वेगळे दिले. दिल्याचं मुळीच वाईट वाटलं नाही, वाईट वाटलं ते त्याला गृहीत धरल्याचं.

कारण त्या दिवसाचं सगळं सार्थक झालं ते त्या मुलामुळे. जौनपूरचाच, तिशीच्या आतला, आईंना पहिल्यापासून अम्मा म्हणत होता आणि त्यांचा हात धरूनच पायऱ्या उतरला. त्याने आम्हाला आधी पुलावर नेलंच नाही. म्हणाला, वरून सगळ्यांना फक्त रस्ता दिसतो, पूल बघायचा तर नदीच्या काठावर चला. आणि खरंच, खाली उतरून मान वर केली तेव्हा कळलं की आपण मघाशी कशावरून गेलो.

पूल एका तुकड्यात नाहीये, हे वरून अजिबात लक्षात येत नाही. उत्तरेकडे, म्हणजे किल्ल्याच्या बाजूला, मुख्य प्रवाहावर १० मोठ्या कमानी, मग मधे जमीन, आणि पुढे दक्षिणेला ५ लहान कमानी. त्या ५ कशाला, पाणी तर इकडून जातंय, असं ह्यांनी विचारलं. गाइड म्हणाला, नदी आज इथे आहे, उद्या तिथे गेली तर? गोमती दिसायला गरीब दिसते पण पावसाळ्यात तिचा भरवसा नाही, ती पसरली किंवा तिने पात्र बदललं तर पाण्याला वाट आधीच करून ठेवलीय. पूल बांधतानाच नदीच्या पुढच्या लहरींचा विचार केला होता, हे ऐकून मला त्या बांधणाऱ्याबद्दल फार आदर वाटला.

त्याचं नाव अफजल अली काबुली, म्हणजे कारागीर थेट काबूलचा. आणि बांधून घेणारा मुनीम खान, अकबराचा मोठा सरदार, खान-इ-खानान ही पदवी असलेला. अकबराचा पालक बैराम खान गेल्यावर दरबारात ज्याचं वजन वाढलं तो हाच. १५६७ मधे इथला सुभेदार खान जमान अकबराविरुद्धच्या बंडात मारला गेला आणि त्याची जहागीर मुनीम खानकडे आली. पूल १५६० च्या दशकातला. म्हणजे नुकतंच बंड मोडलंय, मुलूख अजून धुमसतोय, आणि हा माणूस नदीवर दगडी पूल बांधून घेतोय. त्यात राजकारण होतंच, सैन्य, तोफा, रसद पावसाळ्यातही पलीकडे जायला हवी, बंगालच्या बाजूला मोगलांना पुढे सरकायचं होतं आणि पुढे मुनीम खानच तिकडे मोहिमेवर गेला, १५७५ मधे तिकडेच साथीच्या काळात वारला. पण पूल सैन्यापुरता राहिला नाही ना, तो आजही भाजीवाल्यांचा आणि शाळेतल्या पोरांचा आहे.

तिथली लोकं मात्र राजकारण सांगत नाहीत, गोष्ट सांगतात. अकबर जौनपूरला आला होता, संध्याकाळी नदीवर होता, तिथे काठावर एक गरीब विधवा बाई रडत बसलेली, नावाडी निघून गेलेले आणि तिचं घर पलीकडे. बादशहाने तिला आपल्या होडीतून पोचवलं आणि मुनीम खानला म्हणाला की मशिदी बांधतोस ते ठीक, पण ह्या लोकांना नदी ओलांडता येईल असं काहीतरी कर. खरं किती, खोटं किती कोण जाणे, पण आई ऐकून लगेच म्हणाल्या, "हे आपल्या अहिल्याबाईंसारखं झालं, आधी घाट आणि विहिरी." आदल्याच दिवशी आम्ही विश्वनाथाचं दर्शन घेतलेलं, जे मंदिर देवींनी १७८० मधे परत उभं केलं, त्यामुळे त्यांच्या मनात ते ताजं होतं. गाइडला अहिल्याबाई कोण हे सांगायची गरजच पडली नाही, काशीच्या आसपास सगळ्यांना माहीत आहेत, तो हात जोडून म्हणाला, अम्मा वो तो देवी थीं. आईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

परत पुलाकडे येते. खाली काठावर उभं राहून खांब नीट बघा. कमान जेवढी रुंद, जवळजवळ तेवढाच तिच्या शेजारचा खांब जाड आहे. आपल्याला वाटतं एवढा दगड कशाला वाया घालवला. तर कमानीचा भार फक्त खाली येत नाही, ती दोन्ही बाजूंना ढकलत असते. सगळ्या कमानी उभ्या असतील तर शेजारच्या दोघी एकमेकींना सावरतात, पण एखादी पडली तर तिच्या शेजारणीला धरायला कोणी नाही, आणि खांब बारीक असेल तर एकामागून एक सगळ्या जातील. खांब जाड असला की प्रत्येक कमान आपल्या जोरावर उभी राहू शकते. खांबांना पाण्यात होडीच्या नाकासारखं टोक काढलंय, पाणी थेट आपटत नाही, दोन्हीकडे फाकून जातं. मी त्या टोकाचे दगड बराच वेळ बघत होते. वरच्या दगडांच्या कडा अजून सरळ आहेत आणि खाली जिथे पाणी चढतं-उतरतं तिथे इतक्या गुळगुळीत झाल्यात की दोन दगडांमधला सांधा शोधावा लागतो, आणि एका सांध्यातून चक्क पिंपळ उगवलेला. तो पिंपळ काढायला हवा कोणीतरी, मुळं आत गेली की दगड सोडवतात.

जाड खांबांचा तोटाही आहे आणि गाइडने तो लपवला नाही, हे मला आवडलं. नदीचं अर्धं पात्र खांबांनीच अडवल्यावर पुराच्या पाण्याने जायचं कुठून? ते तुंबतं आणि वर चढतं. १७७० च्या दशकात एकदा पूर एवढा चढला की इंग्रजांची पलटण होड्यांमधून पुलावरून पार झाली अशी हकीकत लिहून ठेवलीय, पुलावरून म्हणजे रस्त्याच्याही वरून! १८७१ च्या सप्टेंबरातल्या पुरात गावातली हजारो घरं पडली. दोन्ही वेळा पूल जागेवर राहिला. त्याला हलवलं ते पुराने नाही, भूकंपाने, १९३४ च्या जानेवारीतला तो बिहार-नेपाळचा मोठा भूकंप, त्यात ७ कमानींचं एवढं नुकसान झालं की त्या नव्याने बांधाव्या लागल्या. म्हणजे आज जो पूल दिसतो तो सगळाच्या सगळा अकबराच्या काळातला नाही, आणि हे बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहायला हवं, त्यात कमीपणा काहीच नाही. उलट ज्यांनी ती दुरुस्ती केली त्यांनी स्वस्तात लोखंडी गर्डर टाकून मोकळं न होता परत दगडी कमानीच उभ्या केल्या, तेही तेवढंच मोठं काम. गाइड म्हणाला, ओळखा जुन्या कुठल्या आणि नव्या कुठल्या. ह्यांनी खूप निरखून बघितलं, आम्हाला कोणालाच खात्रीने सांगता आलं नाही.

मग वर गेलो. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना दगडी छत्र्या आहेत, खांब आणि वर घुमट, आणि रस्ता त्यांच्या मधून जातो. त्यातल्या बऱ्याच छत्र्यांमधे दुकानं थाटलेली असतात, आम्ही गेलो तेव्हा एकात कुलपं-किल्ल्यावाला होता, एकात अत्तर आणि चमेलीचं तेल, जौनपूरचं ते जुनं प्रसिद्ध आहे, आईंनी घेतलं आणि चांगलं निघालं. काहींना वाटेल अतिक्रमण आहे, पण पुलावरच्या दुकानांची तिथे जुनीच रीत आहे, आणि माझ्या मते त्या छत्रीत माणूस बसलाय म्हणून ती छत्री तरी स्वच्छ आहे. ज्या रिकाम्या होत्या त्यांच्यात पानाच्या पिचकाऱ्या, पोस्टरं, बाटल्या. आपल्याला इंदूरची सवय, कचरा दिसला की जीव कासावीस होतो, मी दोन रिकाम्या छत्र्यांमधे डोकावून तशीच मागे फिरले. विजेच्या तारा तर इतक्या की एकही फोटो सरळ येत नाही.

आणि दोन तुकड्यांच्या मधल्या भागात ती मूर्ती. हिच्यासाठी तरी खाली उतराच. मोठा दगडी सिंह आणि त्याच्या पायाखाली दबलेला हत्ती. ड्रायव्हरने तिच्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. आपल्याकडे किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला असतो, पंजात आणि पायाखाली छोटे छोटे हत्ती, तो बघितलेला असेल तर इथे एकदम ओळखीचं वाटतं, फक्त हे भिंतीवर कोरलेलं नाही, सुटं, मोकळं शिल्प आहे. पुलापेक्षा ती जुनी आहे आणि एखाद्या जुन्या बौद्ध मठातून आणली असं मानतात. इथून पुढे सगळ्या सुभ्याची अंतरं मोजायचे, म्हणजे अमुक गाव इतके कोस, ते ह्या सिंहापासून. मी तिच्याजवळ उभी राहून सिंहाच्या पंजावर हात ठेवला तर दगड तेलकट लागला, येणारेजाणारे हात लावतातच, कोणी तर कुंकूही लावलेलं. मोगल सरदाराचा पूल, काबूलचा कारागीर, बौद्ध मठातला सिंह आणि त्याला कुंकू, हे सगळं एका जागी. ह्याची जपणूक मात्र नीट होत नाहीये, बाजूने मोटरसायकली अगदी घासून जातात, एक साधं रेलिंग तरी हवं.

आपल्या कृष्णपुऱ्याच्या पुलावरून आपण रोज जातो, शेजारी होळकरांच्या छत्र्या, खाली कान्ह नदी, आणि बघतो तरी का कधी. मी आल्यावर मुद्दाम गाडी लावून गेले आणि काठावरून बघितलं. ते असो.

बाकीचं पटकन सांगते. किल्ला फिरोजशाह तुघलकाच्या काळातला, ज्याने १३५९ च्या सुमारास हे शहर वसवलं, आत जुना हमाम आहे आणि बाहेरचा उंच दरवाजा मुनीम खानाच्याच काळातला. किल्ल्याच्या वरून पुलाच्या कमानी रांगेत दिसतात, फोटो तिथूनच काढा. अटाला मशीद १४०८ ची, तेव्हा इथे राज्य करणाऱ्या शर्की सुलतानांची, समोरची भिंत इतकी उंच आणि उतरती की मागचा घुमट पूर्ण झाकला जातो, असं मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही. दिल्लीच्या लोदींनी नंतर शर्कींच्या बऱ्याच इमारती पाडल्या, म्हणून जे उरलंय ते बघून घ्यावं. आई लग्नाआधी गाणं शिकलेल्या, त्यांना फक्त एकच विचारायचं होतं, जौनपुरी राग इथलाच का. परंपरेने त्याचं श्रेय शेवटचा शर्की सुलतान हुसेन शाह ह्याला देतात, ख्यालाच्या संदर्भातही त्याचं नाव घेतात, राज्य गेलं आणि गाणं राहिलं. गाइडला रागाची फारशी माहिती नव्हती पण त्याने आईंना म्हणून दाखवायला लावलं आणि किल्ल्याच्या पायरीवर बसून आईंनी खरंच आलाप घेतला, बाजूला कॉलेजची मुलं होती ती गप्प होऊन ऐकत होती.

इमरती! खूप जण मला नुसतं त्याचंच विचारणार. उडदाच्या डाळीची, तुपातली, मऊ, आपल्या सराफ्यातल्या जलेबीची कुरकुरी तिच्यात शोधू नका, ती गोष्टच वेगळी आहे. गोडी बेताची, तोंडात टाकली की विरघळते, गरम खाण्यापेक्षा थोडी निवल्यावर जास्त छान लागते असं माझं मत. डब्यात बांधून आणली, प्रवासात खराब झाली नाही, शेजारच्या काकूंनी सर्टिफिकेट दिलं, आणि रामबागेतल्या आमच्या काकूंचं सर्टिफिकेट सोपं नसतं.

आता कामाच्या गोष्टी. गाडी ठरवताना किलोमीटरवर नको, दिवसावर ठरवा, नाहीतर ड्रायव्हर घाई करतो. पूल चालत बघायचाय, काठावर उतरायचंय, हे तोंडी नाही, मेसेजवर लिहून घ्या. गाइडचे पैसे त्यात आहेत का हे ड्रायव्हरसमोर विचारा. सकाळी लवकर पोचा, दहानंतर पुलावर गर्दीत उभं राहणं अवघड, आणि काठावर उतरायच्या पायऱ्या उंच आणि निसरड्या आहेत, गुडघ्यांचा त्रास असेल तर किल्ल्यावरून बघा. भर पावसाळ्यात नको, खालून बघता येणार नाही आणि खालून बघितलं नाही तर गेलात काय न गेलात काय. थंडीत धुकं असतं, जरा ऊन आल्यावर निघा. चपला नको, बूट घाला. अर्धा दिवस पुरेल असं सगळे सांगतात, पूर्ण दिवस ठेवा.

गाडीला ५ पैकी ४, पॅकेज ज्यांनी बनवलं त्यांना २, गाइडला ५. पुलाला मी कोण स्टार देणार, पण सिंहाभोवती रेलिंग आणि तो पिंपळ, एवढं कोणाच्या ओळखीत तिकडच्या पुरातत्त्व खात्यात कोणी असेल तर नक्की कानावर घाला, पिंपळ उत्तरेकडून मोजत गेलं तर काठाजवळच्याच खांबाला आहे, लगेच दिसतो.